आधी कडा वाचा

जुम्मा बाजार उजाडायच्या आत भरतो. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटच्या कडेला तुम्ही उकिडवे बसला आहात, हातात मोबाइलचा उजेड. समोर गोणपाटावर पितळी तोट्या, चष्म्यांच्या काड्या, बंद पडलेली एचएमटी घड्याळं, आणि त्यांच्या मधोमध काळी पडलेली एक चकती. वर आडवी दांडी, दांडीला फितीचा कुजका तुकडा. मधला नारिंगी रंग अजून ओळखू येतो, दोन्ही कडांचा निळा जवळजवळ गेलेला. एका बाजूला पंचम जॉर्जचं मुंडकं. दुसऱ्या बाजूला उघडाबंब घोडेस्वार, घोड्याच्या टापांखाली गरुडाची ढाल, आणि दोन सालं : १९१४, १९१८.

“चांदी है साब, तौल के ले लो,” विक्रेता म्हणतो आणि चकती तागडीत टाकतोसुद्धा. पावणेतीन तोळ्यांच्या आसपास भरते.

तुम्ही मात्र ती कडेवर उभी धरता. पदकं जमवणाऱ्याची ही पहिली सवय. राजाचा चेहरा नवशिके बघतात, जुना माणूस कडा बघतो. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात : नंबर, हुद्दा, नाव, पलटण. इथे नंबराचे दोन आकडे शिल्लक आहेत. पलटण स्पष्ट आहे, ११० मराठा. नाव मात्र कुणीतरी खिशात, नाहीतर राखेनं घासून घासून पार गुळगुळीत केलंय. शेवटचं ‘जी’ तेवढं उरलंय. तानाजी असेल, सावजी, कोंडाजी, काय वाटेल ते. महाड, माणगाव, म्हसळा, कुठल्याही वाडीत हाक मारली तर चार जण ‘ओ’ देतील असं नाव.

तुम्ही चांदीच्या भावापेक्षा थोडे जास्त पैसे देता. विक्रेता तुमच्याकडे दयेनं बघतो.

भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटते, रेवसला लागते. तुम्ही उतरता ते मात्र चौलला, आणि साल आहे १६७४.

मे महिना. चौलच्या पोर्तुगीज कोटाचे दरवाजे रात्री बंद झालेत, आत कुणी घेत नाही. तुम्ही ज्यांच्या गाठोड्यांना खांदा दिलाय ते टोपीकर बाहेरच पथाऱ्या टाकून पडलेत. त्यांचा म्होरक्या हेन्री ऑक्झेंडेन, मुंबईच्या इंग्रज कंपनीचा वकील म्हणून निघालेला. दुभाषा नारायण शेणवी. गाठोड्यात नजराणे आहेत आणि मागण्यांची यादी आहे. राजापूरच्या वखारीची लूट झाली तिची भरपाई हवी, व्यापाराची परवानगी हवी, आणि जमलंच तर जंजिऱ्याच्या सिद्दीशी शिवाजी महाराजांनी सलोखा करावा अशी विनंतीही. ही शेवटची मागणी ऐकून कुणाही कोकणी माणसाला हसू येईल. तुम्ही हसू नका, तुम्ही हमाल आहात.

कुंडलिकेच्या खाडीनं अष्टमीपर्यंत, तिथून पायी निजामपूर, गांगवली, पाचाड. उकाडा असा की अंगरख्याची पाठ मिठानं पांढरी होते. रायगडाखालच्या पाचाडला पोचल्यावर कळतं की महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेलेत. थांबा. खाली तळ पडतो. महाराजांकडून निराजीपंत येतात, गोड बोलतात आणि सिद्दीचा विषय काढूच नका असं सुचवून जातात. टोपीकरांना रोज मटण लागतं. गडाच्या आसपास एवढं मांस कोण खातो हे बघायला एक म्हातारा खाटीक खास गड चढून वर आला, असं पुढे जॉन फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टरानं लिहून ठेवलंय. इतिहासाच्या कागदांत मला हा खाटीक फार आवडतो. एवढा मोठा राज्याभिषेकाचा समारंभ, आणि त्याला आपलं गिऱ्हाईक बघायचंय.

६ जूनची सकाळ, सात-आठचा सुमार. आभाळ उतरू लागलंय. तुम्ही नगारखान्यातून आत येता आणि समोर सिंहासन. बखरकार सभासद ते बत्तीस मण सोन्याचं सांगतो. मण कोणता, सोनं किती, यावर अभ्यासकांना वाद घालू द्या. तुम्हाला ते फक्त झळाळताना दिसतंय. पायरीवर संभाजीराजे, पेशवे मोरोपंत आणि एक थोर ब्राह्मण बसलेत, बाकी सगळा सरदारवर्ग उभा. ऑक्झेंडेन लांबूनच मुजरा करतो. नारायण शेणवी हिऱ्याची अंगठी उंच धरतो. महाराजांची नजर जाते. जवळ या, अशी खूण होते. सिंहासनाच्या पायथ्याशी टोपीकरांना वस्त्रं मिळतात आणि लगेच, आता या, अशी दुसरी खूण.

त्या दोन खुणांच्या मधला वेळ आपल्या कामाचा. ऑक्झेंडेनही तेवढ्यातच बघून घेतो आणि नंतर लिहून ठेवतो, म्हणून तर आपल्याला कळलं. सिंहासनाच्या दोन्ही अंगांना सोन्याचा मुलामा दिलेल्या भाल्यांच्या टोकांवर राज्याची चिन्हं टांगली आहेत. उजवीकडे सोन्याची दोन मोठी मत्स्यमुखं, मोठाल्या दातांची. डावीकडे घोड्यांच्या शेपट्या. आणि एका उंच भाल्यावर सोन्याचा तराजू, दोन्ही पारडी समान. इंग्रजाला ती ‘मुसलमानी पद्धतीची’ वाटतात, आणि त्याचं चुकत नाही.

माशाजवळ जरा थांबा. दातांचा मासा म्हणजे आपल्याकडे मुशी, मोरी. कोळणीच्या पाटीत ती रोज दिसते. सोन्याची मात्र दिल्लीच्या बादशहाकडून येते. फारसीत माही म्हणजे मासा, मरातिब म्हणजे दर्जे, मर्तबा या शब्दाचं अनेकवचन. माही-मरातिब हा मोगलांचा सर्वोच्च मानांपैकी एक. काठीवर चढवलेला धातूचा मासा, सोबत गोळे आणि निशाणं, मिरवणुकीत हत्तीवरून पुढे नेण्यासाठी. युरोपातल्या राजांनी छातीवर लावायचे तारे दिले, इकडे छातीऐवजी हत्तीची पाठ वापरली, एवढाच काय तो फरक. पुढे १७९२मध्ये महादजी शिंदे पुण्यात आले ते शाह आलम बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुत्लकचा किताब आणि हीच माहीमरातबाची चिन्हं घेऊन. आपण लग्नपत्रिकेच्या भाषेत ‘मानमरातब’ म्हणतो ना, त्यातला मरातब हाच. मासा गळून पडला, शब्द राहिला.

पण रायगडावरचा मासा कुणी दिलेला नाही.

हे कळायला आठ वर्षं मागे, १६६६च्या मे महिन्यात आग्र्याला जाऊन यावं लागेल. फार वेळ नको, तिथला उकाडा पाचाडपेक्षा वाईट. दरबारात महाराज मागच्या रांगेत उभे केले गेलेत. संतापलेल्या पाहुण्याला शांत करायला बादशहानं सरदारांच्या हाती मानाचा सरोपा पाठवलाय, आणि पाहुणा तो अंगावर घ्यायला नकार देतोय. भर दरबारात ही मानाची वस्त्रं, खिलत, नाकारणं म्हणजे नोकरी नाकारणं. वस्त्र अंगावर चढलं की देणारा धनी आणि घेणारा चाकर हे ठरून जातं. युरोपातल्या सरदाराच्या खांद्याला तलवार टेकवतात त्याचाही अर्थ वेगळा नाही. म्हणून १६७४मध्ये तोच माणूस सिंहासनावरून वस्त्रं देतो, आणि बादशहानं ‘द्यायचा’ मासा स्वतःच भाल्यावर चढवतो, तेव्हा दरबारातल्या प्रत्येक जाणत्याला ते वाचता येतं. इंग्रज वकिलाला अर्धंच वाचता आलं असावं. त्याचं लक्ष परत जाताना दारापाशी उभ्या असलेल्या दोन छोट्या हत्तींकडे आणि सोन्याच्या लगामाच्या दोन घोड्यांकडे गेलंय. एवढ्या अवघड वाटेनं ही जनावरं वर आणली कशी, हा त्याचा प्रश्न.

तुमचा प्रश्न वेगळा आहे, संग्राहकाचा. ते मासे आज कुठे आहेत?

कुठेच नाहीत. १६८९मध्ये रायगड मोगलांकडे गेला. तो घेणाऱ्या इतिकादखानाला बक्षीस म्हणून झुल्फिकारखान हा किताब मिळाला. कैदेत गेलेल्या बाळ शाहूंनाही बादशहानं राजा म्हणून मनसब दिली. म्हणजे गडाच्या पाडावाचा हिशेबही मानमरातबातच चुकता झाला. सिंहासन गेलं, मासे गेले, तराजू गेला. सोनं होतं ना. सोन्याला कुणी चिन्ह म्हणून जपत नाही, मूस तापवतात. त्याच राज्याभिषेकाच्या वेळच्या नाण्यांचं बघा. महाराजांचा सोन्याचा होन आज इतका दुर्मीळ की एक खरा होन हाती आला तर संग्राहकाची झोप उडते. तांब्याची शिवराई मात्र कोकणातल्या जुन्या घरांच्या फडताळात, देव्हाऱ्यात, नांगराच्या तासात सापडतच राहते, कारण तांबं वितळवून कुणाचं पोट भरणार होतं?

ही गोष्ट मनात ठेवा. पुढच्या मुक्कामांवर उपयोगी पडेल.

रायगड नंतर बरीच वर्षं सिद्दीच्या ताब्यात होता, १७३३पर्यंत. त्यामुळे गडावरून मुरुडला जायला तुम्हाला फार मोठी उडी मारावी लागत नाही. जंजिऱ्याच्या सिद्द्यांनी मोगलांचं आरमार सांभाळलं, बदल्यात पैसा मिळाला आणि किताब मिळाले. सगळ्यात गाजलेला किताब याकूतखान. याकूत म्हणजे माणिक. म्हणजे या किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी सरदारांना बादशहानं रत्न दिलं नाही, रत्नाचं नाव दिलं. ते जास्त टिकलं, हेही खरं. अलीकडे, अलिबागच्या बाजूला कान्होजी आंग्रे होते, सरखेल, वजारतमाआब. त्यांच्याकडेही बिल्ला नव्हता. कागदाच्या माथ्यावर लिहायचं बिरुद आणि शिक्का, बस्स. शिवाय गलबतं. समुद्रावर गलबतं असली की छातीवर काही नसलं तरी चालतं.

जंजिऱ्याच्या महादरवाजावर मात्र दगडात कोरलेला वाघ आहे, पंजांत हत्ती धरलेले. किल्ला बघायला जाणारे तिथे फोटो काढतात आणि कलालबांगडी तोफेकडे पळतात. तुम्ही थांबा. बिल्ल्यांच्या भाषेत बोलायचं तर सिद्द्यांचं मानचिन्ह हेच. कुणाकडून घेतलेलं नाही आणि वितळवताही येत नाही.

साल १९१५. मुरुडच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, टेकडीवर नवाबाचा राजवाडा. खाली समुद्र खडकांवर आपटतोय. राज्य छोटं, पण ब्रिटिश सरकारच्या यादीत अकरा तोफांच्या सलामीचं. या तोफांची एक गंमत आहे, त्या नेहमी विषम संख्येतच उडायच्या. नऊपासून सुरुवात आणि एकवीसवर शेवट. अखेरीस एकवीस फक्त पाच संस्थानांना : हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, ग्वाल्हेर, काश्मीर. कोल्हापूरला एकोणीस, सावंतवाडीला नऊ. कुणाला किती तोफा यावरून संस्थानिकांची झोप उडायची, आणि दिल्लीतले गोरे अधिकारी ती झोप फार कौशल्यानं उडवायचे.

नवाब सिद्दी अहमदखान. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकलेले, १८७९पासून गादीवर. नावामागे ‘सर’ आहे. आधी के.सी.आय.ई., पुढे जी.सी.आय.ई. म्हणजे ‘मोस्ट एमिनंट ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ची सर्वांत वरची पायरी. तुम्ही आत्ता राजवाड्याच्या कपडेखोलीत आहात, हातात मऊ कापड. मखमलीची पेटी उघडी आहे आणि ती पुसायचं काम तुमच्याकडे आलंय. श्वास रोखून काम करा.

पहिला तारा. दहा टोकांचा, एक टोक सोन्याचं, एक चांदीचं, असं आलटून पालटून. खालच्या पायरीवरच्या के.सी.आय.ई.चा तारा नुसत्या चांदीचा असतो, त्यामुळे लांबून, बोलण्याच्याही आधी, कोण किती मोठा ते कळतं. मग बिल्ला : लाल मिन्याचा पाच पाकळ्यांचा गुलाब, मधे राणी व्हिक्टोरियाचं मस्तक, भोवती लॅटिन अक्षरं, सम्राज्ञीच्या आशीर्वादानं अशा अर्थाची. राणी जाऊन चौदा वर्षं झाली. गादीवर तिचा नातू आहे. गुलाबात मात्र अजून तीच आहे, आणि १९४७पर्यंत तीच राहणार. अगदी सुरुवातीच्या, १८७८नंतरच्या काही वर्षांतल्या गुलाबांच्या पाच पाकळ्यांवर ‘इंडिया’ या इंग्रजी शब्दाची पाच अक्षरं असत. पुढे ती काढली. आजचे संग्राहक त्या अक्षरांच्या गुलाबासाठी जीव टाकतात.

मग गडद निळा पट्टा, उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेपर्यंत. निळा झगा. आणि पेटीच्या तळाशी गळ्यातली साखळी : तिच्या दुव्यांत हत्ती, मोर, कमळं, गुलाब. ही सगळी चित्रकारी लंडनमध्ये बसून हिंदुस्थानच्या आठवणीतून काढलेली. मला विचाराल तर कमळ जरा कोबीसारखं दिसतं. राणीच्या मस्तकाचीही एक कथा आहे. १८६१मध्ये ‘स्टार ऑफ इंडिया’ ही याहून वरची ऑर्डर निघाली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर राणीची कोरीव प्रतिमा होती. मुसलमान राजानं माणसाची प्रतिमा गळ्यात कशी घालावी, असा आक्षेप हैदराबादच्या निजामानं घेतला होता. ब्रिटिशांनी समजूत घातली, प्रतिमा तशीच ठेवली. मानाच्या बाबतीत देणारा फारसा ऐकून घेत नाही.

आता तुम्ही पुसत असलेल्या साखळीबद्दल. ती नवाबसाहेबांची नाही.

या ऑर्डरींचे नियम छापील असत. स्टार ऑफ इंडियाचा रत्नजडित ऐवज आणि ऑर्डरींच्या गळसाखळ्या धारकाच्या मृत्यूनंतर सरकारला परत करायच्या. वारसांनी परत पाठवायच्या, मग त्या पुसून पुढच्या राजाच्या गळ्यात. म्हणजे मान वंशाचा नव्हता, उसना होता. आज अशी साखळी एखाद्या लिलावात आली की खोलीत कुजबुज सुरू होते : ही परत का गेली नव्हती? गहाळ झाली, विकत घेऊन ठेवली, की कुणी दिवाणजीनं पत्राला उत्तरच दिलं नाही? त्या न दिलेल्या उत्तरावर आज तिची किंमत ठरते.

संस्थान १९४८मध्ये विलीन झालं. राज्यघटनेच्या अठराव्या कलमानं १९५०मध्ये किताबच बंद केले, १९७१मध्ये तनखे गेले. इंडियन एम्पायरचे धारक एकेक करत संपले. शेवटचे ध्रांगध्राचे महाराज, ते २०१०मध्ये वारले. नवाबाचा ‘सर’ मात्र मुरुडात अजून जिवंत आहे. तो गावातल्या शाळेच्या पाटीवर आहे, सर एस. ए. हायस्कूल. एस. ए. म्हणजे सिद्दी अहमद. दप्तर घेऊन धावणारी पोरं रोज तो किताब उच्चारतात, त्यात तारा, गुलाब, राणी काही नसतं. सरांची शाळा एवढंच असतं.

पेटी बंद करा. खिशातली चांदीची चकती तुम्हाला बोलावतेय.

१९१५ संपत आलंय. टायग्रिस नदीचं वळण, मातीच्या घरांचं गाव, कूत-अल-अमारा. सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी घेरलंय. वेढ्यात १०३ आणि ११० मराठा दोन्ही आहेत. तुमचा ‘जी’ इथे आहे की नाही, तुम्हाला ठाऊक नाही. नंबराचे दोन आकडे शिल्लक आहेत, त्यावरून ठरवता येणार नाही. पण पलटण इथे आहे. वेढा १४७ दिवस चालतो. धान्य संपतं, घोडे कापले जातात, आणि हिंदुस्थानी शिपाई घोड्याचं मांस खायला बराच काळ नकार देतात. ज्याला आयुष्यभर भाकरी, सुकट आणि भाताची पेज माहीत, तो सुजलेल्या हिरड्यांनी नदीच्या पलीकडे बघत बसलाय. २९ एप्रिल १९१६ला जनरल टाउनशेंड शरण जातो. पुढची पायपीट आणि तुर्कांची कैद वेढ्यापेक्षा वाईट.

युद्धानंतर काही वर्षांनी जे वाचले त्यांना, जे गेले त्यांच्या घरच्यांना पदकं मिळाली. एक चांदीचं, तुमच्या हातातलं ब्रिटिश वॉर मेडल. दुसरं काशाचं व्हिक्टरी मेडल, इंद्रधनुष्यासारख्या फितीचं. कडेवर शिपायाचं नाव, त्याला बहुधा वाचता न येणाऱ्या लिपीत. सैन्याबरोबर गेलेल्या मजूर तुकड्यांतल्या लोकांना तर तेच वॉर मेडल काशाचं दिलं. लढाईत ओझं तितकंच होतं.

पुढे काय झालं ते कुठल्याही कोकणी घराला विचारा. दुष्काळी साल आलं, मुलीचं लग्न आलं, सावकार दारात आला. चांदीचं पदक सोनाराकडे गेलं. सोनारानं राजाचं मुंडकं बघितलं नाही, वजन बघितलं. १९८०मध्ये जगभर चांदी अचानक कडाडली तेव्हाही अशी कितीतरी पदकं मुशीत गेली. काशाचं व्हिक्टरी मेडल सोनार घेत नाही. म्हणून ते घरातच राहतं, नातवंडं त्याची भिंगरी करतात, नंतर ते पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाला जातं. मोडलेल्या जोड्यांचं कारण बहुतेक वेळा एवढंच. पदकवाले या दोन पदकांना एकत्र ‘जोडी’ म्हणतात, आणि जोडी मोडलेली असली की भाव पडतो. तुमच्या ‘जी’ची जोडीदार कुठल्यातरी ट्रंकेत असेल, तिच्या कडेवर नाव अजून स्पष्ट असेल, आणि त्या घराला आपली चांदी कुठे गेली हे आठवत नसेल.

आणखी एक थांबा. १० जुलै १९४४, इटली, वरच्या टायबर नदीचं खोरं. नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले. बावीस वर्षांचे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. इथे तुम्हाला काही करायचं नाही. जमिनीला चिकटून पडून राहा. त्यांची तुकडी मशिनगनच्या माऱ्यात जवळून सापडलीय, आणि क्षणात तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झालेत. घाडगे एकटे उरलेत. ते उठतात, सरळ मशिनगनवर धावतात. हातबॉम्ब टाकतात, मशिनगनच्या खाचेतला आवाज थांबतो. टॉमीगननं एकाला लोळवतात. गोळ्या संपतात, मॅगझिन बदलायला वेळ नाही. मग बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ते दस्त्यानं मारतात. एवढं झाल्यावर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना छातीत आणि पाठीत लागतात. जिंकलेल्या त्याच खाचेत ते पडतात.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर सापडत नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे.

व्हिक्टोरिया क्रॉस लंडनच्या हॅनकॉक्सच्या पेढीत बनतो, जिंकून आणलेल्या तोफांच्या काशापासून. वजनाला हलका, रंगाला मातकट, फीत जांभळट लाल. ‘फॉर व्हॅलर’ एवढीच अक्षरं. वरच्या दांडीच्या मागे नाव, क्रॉसच्या मागे तारीख. नवाबाच्या पेटीतल्या गुलाबाशेजारी ठेवला तर कुणी बघणारही नाही. चोरबाजारात गोणपाटावर टाकला तर विक्रेता तागडी उचलणारही नाही. आणि तरी जगभरचे पदकवाले ज्याच्यासाठी घर गहाण टाकतील असा हाच एक. घाडग्यांचा पुतळा माणगावात आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना माणगावच्या कोंडीत तुम्ही कितीदा तरी अडकला असाल, हॉर्न वाजवला असेल, वडापाव खाल्ला असेल. पुढच्या वेळी अडकलात की उतरा. कोंडी काही लगेच सुटत नाही.

लाँच भाऊच्या धक्क्याला लागते. दुपार झालीय. खिशातली चकती आता तुम्हाला जरा जड वाटते. ती तुमची आहे की तुम्ही ती फक्त सांभाळताय, याचं उत्तर पदकवाल्यानं स्वतःला द्यावं. मी कितीतरी पदकवाले बघितलेत. चांगला तो, ज्याच्या वहीत पदकाच्या किमतीआधी माणसाचं नाव असतं. दुसरा प्रकारही आहे : एकाच शिपायाची पाच पदकं एका घरातून मिळाली की चढ्या भावानं पाच ठिकाणी विकणारा. ‘ग्रुप तोडला’ असं त्याच्याबद्दल बाजारात हळू आवाजात बोललं जातं. आणि कायद्याची एक बाब. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती परदेशी पाठवता येत नाही. लंडनचा एखादा लिलाववाला मेलवर कितीही गोड बोलला तरी.

आता तुमच्या घराबद्दल. आजोळच्या माळ्यावर, देव्हाऱ्याच्या मागे, आजीच्या बटव्यात अशी चकती असेलच असं नाही. पण असली, तर घरातलं कुणीतरी दिवाळीच्या आधी तिला चिंच किंवा पितांबरी लावून लख्ख करणारच. त्यांना थांबवा. काळेपणा राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही. खिडकीत उजेडात न्या, कडेवर उभी धरा, भिंग घ्या. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, जसं दिसेल तसं, अक्षर लागत नसेल तर तसं सांगत, वहीत उतरवून ठेवा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ते नाव मोठ्यानं वाचून दाखवा आणि ते काय म्हणतात तेही लिहा. मग हवं तर पुसा.